मेणबाई आणि सहावा तुकडा

आपल्या हातून मोठी चूक झालेली असू दे, असं दोन दिवस मनात घोकत बसलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का? मेणबाई तशा बसल्या होत्या. आणि शुक्रवारी दुपारी चूक त्यांचीच ठरली, तेव्हा त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा त्यांचं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. हे त्यांनी स्वतःच नवऱ्याला सांगितलं.

"तेहतीस वर्षांनी का होईना, खरं बोललीस," नवरा म्हणाला.

मेणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण इस्पितळात खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, जिथे उन्हाळ्यातही दिवा लावावा लागतो अशा लांबट खोलीत त्या चौतीस वर्षं एकच काम करत होत्या. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे काही काढलं जातं, त्याचे नखाएवढे तुकडे डॉक्टर जाळीच्या छोट्या डब्यांत भरून ठेवतात. ते रात्रभर औषधांत मुरतात आणि सकाळी मेणबाईंच्या टेबलावर येतात. मेणबाई एकेक डबी उघडायच्या, गरम चिमट्याने तुकडा उचलून धातूच्या साच्यात ठेवायच्या आणि त्यावर वितळलेलं मेण सोडायच्या. मेण थिजलं की त्याची साबणाच्या वडीसारखी वडी व्हायची. तिला तिथे सगळे ब्लॉक म्हणत. मग यंत्रावर त्या ब्लॉकचे काप काढायचे, इतके पातळ की एका केसाच्या जाडीत वीस बसावेत. ते काप काचेवर घेऊन रंगवायचे आणि मॅडमच्या दुर्बिणीखाली पाठवायचे. मॅडम म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टर. पुढे कोण सुटणार आणि कोण अडकणार, हे मॅडम त्या काचेवरून ठरवणार.

थोडक्यात, मॅडमनी काय पाहायचं ते मेणबाईंच्या हातावर होतं, आणि मेणबाईंना ते पक्कं माहीत होतं. बोटांवर मेणाचे चटके बसून बसून त्यांचे ठसे पुसट झाले होते. घरी कांदा चिरायला बसल्या की नवरा म्हणायचा, "अगं, भाजीत घालायचाय, दुर्बिणीखाली नाही." नवरा एका छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला. म्हणजे नवऱ्याचा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला आणि बायकोचा स्वतःच्या होऊ न देण्यात. जेवायला बसले की दोघांचं चांगलं जमायचं.

कामाच्या बाबतीत त्यांचे काही हट्ट होते. एका डबीत चार तुकडे असोत की चाळीस, त्या ते साच्यात पसरून टाकत नसत. कोंबडीने पिलं पंखाखाली घ्यावीत तसे सगळे मधोमध, एकमेकांना चिकटून मांडत. म्हणजे काप एका ठिकाणी येतो आणि डॉक्टरला काचभर हिंडावं लागत नाही. आणि जे मऊ, भुसभुशीत असेल, चिमट्याला चिकटणारं असेल, ते त्या सगळ्यात शेवटी घेत. त्याला त्या 'ओलं काम' म्हणत. ओलं काम झालं की चिमटा, टेबल, साचे सगळं उकळत्या मेणातून काढायचं आणि मगच घरी जायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला त्या हेच पहिल्या दिवशी सांगत आणि दुसऱ्या दिवशी परत सांगत.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर बस चालवणाऱ्यांचा गणवेश, छातीवर बिल्ला, बगलेत कागदांची फुगलेली पिशवी. वय तिशी-बत्तिशीचं, आवाज गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"मुलीचा ब्लॉक पाहिजे. हा कागद. दुसऱ्या इस्पितळात दाखवायचाय."

असे लोक येतच. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर ब्लॉक घेऊन जावा लागतो. मेणबाईंनी नंबर पाहिला आणि कपाटाचे खण उघडायला लागल्या. महिन्याभरापूर्वीचा ब्लॉक होता, सापडायला वेळ लागणार होता. खिडकीवरची बाई गप्प उभी राहणाऱ्यांतली नव्हती.

"सहा वर्षांची आहे. एक किडनी जन्मापासूनच कामाची नव्हती, नळी चिंचोळी होती म्हणे. फुगून फुगा झालेला. सारखा ताप. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, दुसरी ठणठणीत आहे. छोट्याशा भोकातून तुकडे करून काढली. चौथ्या दिवशी घरी आलो. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. आणि मग हे."

'हे' काय ते मेणबाईंना कागदावर दिसतच होतं. निकामी झालेल्या किडनीच्या तुकड्यांत एके ठिकाणी अपक्व, गर्भावस्थेतल्या पेशींचा छोटा पुंजका. विशेष रंगाच्या तपासणीत किडनी घडवणाऱ्या जनुकाची खूण स्पष्ट उमटलेली. लहान मुलांच्या किडनीच्या कर्करोगाची दाट शक्यता. मेणबाई हे कागद रोज पाहायच्या. त्यांचा हात खणांवरून फिरत राहिला.

"मला आधी काही कळलंच नाही," ती बाई सांगत होती. "मग त्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. म्हणाले, बाळ पोटात घडत असतं तेव्हा काही जनुकं कामाला लागलेली असतात. कुणी किडनी बांधतं, कुणी डोळा बांधतं. बांधून झालं की ती गप्प बसतात. जन्माला यायच्या आधीच किडनी बांधायचं काम संपतं. पण एखाद्या पोरात चार पेशी गप्प बसतच नाहीत. त्यांचं आपलं बांधकाम चालूच. म्हणजे कसं, शेवटचा स्टॉप आला, सगळे उतरले, तरी गाडी चालूच. मग ती कुठेतरी जाऊन आदळणारच की."

"हं," मेणबाई म्हणाल्या.

"आणि तुकडे करून काढलीय ना, म्हणून भीती जास्त. पोटात सांडलं असेल म्हणतात. स्कॅनमध्ये काही दिसत नाही, पण इतकं बारीक दिसायचंच नाही. सोमवारी केमोची पहिली बाटली लावणार आहेत. सहा महिने." तिने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकले आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मावशी, तुम्ही इथल्या, तुम्हाला माहीत असेल. हे पोटात असल्यापासूनचं म्हणजे माझ्या पोटात असल्यापासूनचं, नाही का? मी सातव्या महिन्यापर्यंत बस चालवली. सासूबाई तेव्हा म्हणत होत्या, हादरे बसतात, सोड. आता काहीच बोलत नाहीत. बोलत नाहीत तेच लागतं हो."

"बसचा काही संबंध नाही," मेणबाई म्हणाल्या. हे त्यांना ठाऊक होतं म्हणून म्हणाल्या की आपलं काहीतरी बोलायचं म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात ब्लॉक सापडला. नंबर जुळतोय का ते पाहायला त्यांनी तो खिडकीतल्या उजेडात धरला.

नंबर जुळत होता. पण त्यांची नजर नंबरवर राहिली नाही.

ब्लॉकच्या मधोमध पाच तुकडे होते, एकमेकांना चिकटून, मेणबाईंच्या पद्धतीने. आणि डाव्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून पार लांब, मेणात एकटाच एक कण होता. तिळाएवढा. बाकीचे तुकडे फिकट आणि पांढुरके होते, हा काचेसारखा पारदर्शक.

चौतीस वर्षांत मेणबाईंनी एकही तुकडा कोपऱ्यात ठेवला नव्हता. आपलं मूल जसं गर्दीत पाठीवरून ओळखू येतं, तशी आपली मांडणी त्यांना ओळखू येत होती, आणि हा कण त्या मांडणीतला नव्हता. मी हा ठेवलेला नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग लगेच दुसरं आलं. मी ठेवला नाही, तर हा आला कुठून?

"हा ब्लॉक आज नाही मिळणार," त्या म्हणाल्या.

"काय? मी अर्धी पाळी टाकून आलेय!"

"मॅडमची सही लागते."

"कागदावर सही आहे की! ही काय?"

"अजून एक लागते. शुक्रवारी या."

"शुक्रवारी या, सोमवारी या! पोरगी काय तुमच्या सहीसाठी थांबणारेय?" ती एवढ्या जोरात म्हणाली की रक्त द्यायला रांगेत बसलेले लोक वळून पाहायला लागले. मेणबाईंनी खिडकी बंद केली. असं त्यांनी कधी कुणाच्या तोंडावर केलं नव्हतं.

मग त्यांनी वही काढली. कोणत्या दिवशी कोणता ब्लॉक कोणाच्या मागोमाग भरला, त्याची ती वही. अक्षर त्यांचंच. त्या दिवशीचा पहिला नंबर मुलीचा नव्हता. पहिला होता पाचव्या महिन्यात पोटातच गेलेल्या एका बाळाचा. त्याच्या आईबापांना कारण कळायला हवं होतं, म्हणून त्याच्या सगळ्या अवयवांचे बारीक तुकडे तपासायला आले होते. शेवटची डबी: किडनी. आणि तिच्या लगेच खाली मुलीचा नंबर.

ओलं काम आधी. त्यांना तो दिवस आठवला. मॅडम दारात येऊन म्हणाल्या होत्या, "बाई, तेवढं बाळाचं आधी घ्या. ते दोघं दुपारच्या गाडीने गावी जाणार आहेत, रिकाम्या हाताने नको पाठवायला." आणि मेणबाईंनी घेतलं होतं. चिमटा पुसला होता. पुसला होता, नक्की. पण उकळत्या मेणातून काढला होता का? तिथे येऊन आठवण थांबत होती.

मुलीच्या डबीवर डॉक्टरांनी लिहिलेलं होतं, तुकडे: पाच. ब्लॉकमध्ये सहा. पण पाचाचे सहा व्हायला काही लागत नाही, मऊ तुकडा फुटतो. म्हणूनच कुणी मोजलं नव्हतं.

त्या ब्लॉक आणि वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार आणि घाईच्या. ऐकून आधी त्यांचा चेहरा ताठ झाला.

"म्हणजे माझं निदान चुकलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तुमचं नाही हो. तुम्ही जे दिसलं ते लिहिलंत. दिसायला घातलं मी."

मॅडमनी दोन काचा काढल्या, एक मुलीची आणि एक त्या बाळाची. एकेक करून दुर्बिणीखाली घातल्या, पुन्हा बदलल्या, पुन्हा घातल्या. बराच वेळ झाल्यावर त्यांनी डोळे चोळले.

"सारखे दिसतात. अगदी जुळ्यांसारखे."

"मग झालं तर!"

"झालं कसलं, बाई! हा रोग असाच दिसतो. गर्भातली किडनी दिसते तसाच. तेच जनुक जागं असतं दोन्हीकडे, म्हणून तोच रंग उमटतो. पाच महिन्यांच्या बाळात ते जागं असलं तर आपण म्हणतो, छान, काम व्यवस्थित चाललंय. सहा वर्षांच्या मुलीत जागं सापडलं तर आपल्या तोंडचं पाणी पळतं. पेशी त्याच, जनुक तेच, वेळ तेवढी वेगळी. हा कण त्या बाळाचा आहे की हिचा, हे दुर्बिणीतून मी कशी सांगू?" मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "तुमच्या म्हणण्यावर मी सोमवारचं औषध थांबवलं आणि तो कण तिचाच निघाला, तर?"

मेणबाई वहीकडे पाहत राहिल्या. वहीत नंबरांपुढे लहान अक्षरांत आणखी माहिती असते, वय वगैरे.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ते बाळ मुलगा होतं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम उठल्या आणि टेलिफोनकडे गेल्या.

वरच्या मजल्यावर जनुकांच्या तपासण्या करणारा एक माणूस होता. त्याला तिथे सगळे जनुकवाला म्हणत. पेशी मुलाची की मुलीची, हे तो चमकत्या ठिपक्यांवरून दाखवू शकत असे. काप काढून त्याच्याकडे द्यायचा आणि दोन दिवस थांबायचं. कर्करोगाच्या डॉक्टरांना मॅडमनी तेवढंच सांगितलं की शुक्रवारपर्यंत आणखी एक तपासणी येतेय, तोवर काही सुरू करू नका. मुलीच्या आईला मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. खोटी आशा लावायची आणि मग काढून घ्यायची, याला दोघींचंही मन धजेना.

काप मेणबाईंनीच काढला. त्या दिवशी बाळानंतर भरलेले बाकीचे अकरा ब्लॉकही त्यांनी काढून उजेडात धरून पाहिले आणि मॅडमना पुन्हा तपासायला लावले. त्यांत उपरं काही नव्हतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि कामावरचा पांढरा कोट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. नवरा वाटाणे सोलत होता. त्यांनी सगळं सांगितलं.

"तुझी चूक झाली असली तर कुणाकुणाला कळेल?" शेवटी त्याने विचारलं.

"सगळ्यांना. रिपोर्ट बदलायचा म्हणजे वर कळवावं लागतं. चौकशी होईल. निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझ्या."

"आणि झाली नसली तर?"

"तर त्या मुलीला सोमवारी बाटली लागेल."

नवऱ्याने आणखी दोन शेंगा सोलल्या. "मग झालेली बरी," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी! पण झालीय की नाही ते आठवत नाही ना!" मेणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चौतीस वर्षं मी बोंबलत फिरले, चिमटा मेणातून काढा, चिमटा मेणातून काढा. त्या दिवशी मी काढला असेल, तर? माझी सवय आहे हो ती. सवयीने काढला असेल, तर?"

"एवढ्यांदा चुकली नाहीस, आता एकदा चुकली असशील," नवरा समजूत घालत म्हणाला. "विश्वास ठेव स्वतःवर."

हे ऐकून त्यांना हसू आलं, आणि हसता हसता मात्र त्या खूप रडल्या.

गुरुवार कसा गेला ते त्यांना सांगता येणार नाही. काम नेहमीचंच होतं. प्रत्येक साच्यात तुकडे मधोमध मांडताना त्या स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तसं पाहत होत्या. हा हात विसरू शकतो का? विसरू शकत असला तर बरं. त्यांना ती मुलगी कशी दिसते ते माहीत नव्हतं, तरी ती डोळ्यांसमोर यायची, आणि दर वेळी तिचं तोंड वेगळंच असायचं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता जनुकवाला स्वतः खाली आला. हा माणूस जिन्याने खाली आलेला कुणी पाहिला नव्हता.

"बाई, वर या. मॅडम वरच आहेत. बघायचं असेल तर बघा."

वरच्या अंधाऱ्या खोलीत मॅडम दुर्बिणीपासून बाजूला झाल्या आणि त्यांनी मेणबाईंना स्टूल दिलं. जन्मभर दुसऱ्यांना पाहायला काचा देणाऱ्या मेणबाईंनी डोळा लावला. काळ्याभोर आभाळात निळसर गोल, आणि त्यांत बारीक ठिपके.

"हे आधीचे पाच तुकडे," जनुकवाला म्हणाला. "प्रत्येक गोलात लाल ठिपके बघा. दोन लाल म्हणजे मुलगी. काही ठिकाणी एकच दिसेल, काप पातळ असतो, दुसरा कापात येत नाही. पण हिरवा, म्हणजे मुलाची खूण, कुठेच नाही. दिसतंय?"

"दिसतंय."

त्याने काच सरकवली. "आता तो कोपऱ्यातला कण."

एक लाल, एक हिरवा. एक लाल, एक हिरवा. पुढच्या गोलात पुन्हा तेच. हिरवे ठिपके इतके होते की मोजायची गरजच नव्हती.

"मुलगा," जनुकवाला म्हणाला. "शंभर टक्के मुलगा. हा कण त्या मुलीचा नव्हेच."

मेणबाईंनी डोळा बाजूला केला. "म्हणजे माझी चूक!"

"अं... हो. म्हणजे तसंच."

"माझीच चूक!" त्या स्टुलावरून उठल्या, पुन्हा बसल्या आणि मॅडमचे दोन्ही हात धरून हलवायला लागल्या. "मॅडम, माझी चूक झाली हो!"

जनुकवाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला. "अभिनंदन करायचं का मी?" त्याने विचारलं.

"करा," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "आधी घ्या म्हणून मीच आले होते ना दारात. अर्धी माझी."

"तुम्ही चांगल्यासाठी आला होतात. आणि त्या बिचाऱ्या बाळाचं काय चुकलं? त्याची किडनी नीट घडतच होती."

"हो," मॅडम म्हणाल्या. "मी तसंच लिहिलं होतं त्यांच्या रिपोर्टात. किडन्या व्यवस्थित."



रिपोर्ट बदलताना मॅडम म्हणाल्या, मेण भरताना दुसरा कण मिसळला, एवढंच लिहू, नाव कशाला. मेणबाई ऐकेनात. नाव नसलं तर त्या आईला वाटेल कुणीतरी काहीतरी झाकतंय, आणि मग तिचा या नव्या कागदावर तरी विश्वास का बसावा? तेव्हा नाव घातलं गेलं. वरच्या साहेबांनी दुपारीच बोलावून घेतलं आणि खुलासा मागितला. मेणबाईंनी तो उभ्या उभ्या लिहून दिला. "ओलं काम आधी घेतलं व चिमटा मेणातून काढला नाही." साहेब म्हणाले, तुमचं वय झालंय का? मेणबाई म्हणाल्या, हो साहेब, झालंय, आणि हसल्या. साहेबांना यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

साडेतीनला मुलीची आई आली. या वेळी मॅडमनी तिला आत खुर्चीवर बसवलं आणि मेणबाई शेजारी उभ्या राहिल्या. मॅडमनी सावकाश, एकेक पायरी सांगितली. ती बाई डोळ्यांची पापणी न हलवता ऐकत होती.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

मॅडमनी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे तिला काहीच नाही?"

"एक किडनी नाही. ती काढली, ती नाहीतरी निकामीच होती. दुसरी उत्तम आहे. बाकी काही नाही. बाटली नाही, औषध नाही."

"आणि ते गप्प न बसलेलं जनुक?"

"तिचं गप्प बसलेलं आहे. वेळेवर बसलं. ते दुसऱ्या बाळाचं होतं."

ती बाई खुर्चीतून खाली सरकली आणि जमिनीवरच बसली. गुडघ्यांत डोकं घातलं. मेणबाई वाकल्या, तशी ती एकदम डोकं वर करून ओरडली, "तुम्ही! तुम्ही घातलंत ते! काय माणसं आहात तुम्ही? अठरा दिवस! अठरा दिवस मी काय भोगलंय माहितेय? पाण्याचा पेला हातात धरवत नव्हता. परवा सिग्नल तोडला मी, भरली गाडी घेऊन! चिमटा धुता येत नाही? घरी चमचे धुता ना?"

"धुते," मेणबाई म्हणाल्या. "चुकले मी."

"चुकले काय, चुकले! आणि वर हसताय!"

"हसत नाही हो."

"हसताय की! बघा मॅडम, हसतायत या!"

आणि मेणबाई खरंच हसत होत्या. त्यांना ते थांबवता येत नव्हतं. शिव्या अंगावर उन्हासारख्या पडत होत्या. आणखी अर्धा तास दिल्या असत्या तरी त्यांनी तसंच उभं राहून घेतल्या असत्या. ती बाई ओरडता ओरडता मध्येच थांबली, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि तिच्याही ओठांचं काहीतरी व्हायला लागलं.

"केस कापले हो मी तिचे," ती म्हणाली. "कमरेपर्यंत होते. डॉक्टर म्हणाले, गळणारच आहेत, आधीच छोटे केले तर पोर कमी घाबरेल. रविवारी कापले मी. माझ्या हाताने."

"वाढतील," मेणबाई म्हणाल्या.

"वाढतील ना?"

"वाढतील."

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. भिंगरी म्हणत तिला घरी, आणि तिला बसलेली पाहूनही ते नाव पटत होतं, कारण तिचे पाय हवेत गोल फिरत होते. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, कानांवरून खाली ओढलेली, आणि बाहेर घाम फुटेल असं ऊन.

"भिंगरे, सोमवारी यायचं नाही आपल्याला," आई म्हणाली. तिचा आवाज पुन्हा शेवटच्या सीटपर्यंतचा झाला होता.

"सुई नाही?"

"नाही."

"एकपण?"

"एकपण नाही. शाळेत जायचं."

मुलीने थोडा विचार केला. मोठ्यांचं बोलणं असंच बदलतं, हे तिला अनुभवाने कळलेलं असावं. "मग माझे केस का कापले?"

"या मावशींना विचार."

मेणबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. गुडघे कुरकुरले. "माझी चूक झाली. तुझ्या तुकड्यांत दुसऱ्याचा तुकडा मिसळला माझ्याकडून. सगळ्यांना वाटलं तू आजारी आहेस."

"मी आजारी नव्हतेच. मी सांगत होते."

"हो. तुझंच खरं होतं."

"सॉरी म्हणा मग."

"अगं!" आई म्हणाली.

"सॉरी," मेणबाई म्हणाल्या.

मुलीने मान डोलावली, आणि डोक्यावरची टोपी ओढून काढून त्यांच्या हातात दिली. आत केस चारी बाजूंनी उभे होते, काही लांब, काही आखूड. "ही घ्या. मला खाजते."

"आजीने विणलीय ती! अशी देतात का कुणाला?" आईने टोपी काढून घेतली. मग मेणबाईंना म्हणाली, "सासूबाईंनी तीन विणल्यात. निळी, पिवळी, लाल. रोज रात्री बसायच्या, तोंडातून शब्द नाही. मला वाटायचं, मला टोचायला विणतायत." ती टोपी हातात फिरवत उभी राहिली. मग तिने फोन काढून सासूबाईंना लावला.

रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली. "आई, मी बोलतेय. नाही, रडत नाहीये. ऐका तरी. काही नव्हतं. अहो, काहीच नव्हतं! दुसऱ्याचं होतं, हिचं नव्हतंच. हो, लिहून दिलंय, शिक्का आहे. पोटातलंही काही नाही, बसचंही काही नाही. आई? आई, ऐकताय ना?"

ती फोन कानाला घट्ट दाबून ऐकत राहिली.

"काय म्हणतायत?" मेणबाईंनी विचारलं.

"रडतायत." तिने नाक पुसलं. पुन्हा ऐकलं. "हो. हो, आई, साडेचारची गाडी आहे माझी, घरावरूनच जाते. आणते." तिने फोन खिशात टाकला. "रिक्षा नको करूस म्हणतायत. तुझ्याच बसमध्ये पुढे बसवून आण तिला, म्हणजे मला खिडकीतून दोघी दिसाल."

भिंगरी तोवर दरवाजापर्यंत पोचली होती.